लागवड आणि राखण : भंडारा जिल्ह्यातील शालेय समुदाय व पर्यावरणीय शाश्वतता

गोषवारा

शालेय स्तरावरील पर्यावरणविषयक उपक्रम बहुतांशी लागवड, घोषवाक्ये व दिनविशेष यांपुरते मर्यादित राहतात. लावलेल्या गोष्टीची पुढे राखण कोणी करावयाची, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. भंडारा जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलावांची व्यवस्था ही मुख्यतः राखणीची व्यवस्था होती. हक्क, कर्तव्य व नोंद यांच्या ज्या सांगडीवर ती उभी होती, ती सांगड शालेय समुदायात कशी आणता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : शाश्वतता, शालेय समुदाय, माजी मालगुजारी तलाव, शाळा व्यवस्थापन समिती, राखण.

१. प्रास्ताविक

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९७२ मध्ये ५ जून हा दिवस जागतिक पर्यावरण दिन म्हणून निश्चित केला. आपल्याकडील शाळांच्या वार्षिक नियोजनात या दिवसाला मानाचे स्थान आहे. तथापि विदर्भातील शाळांच्या बाबतीत एक साधी वस्तुस्थिती सहसा लक्षात घेतली जात नाही. येथील तीव्र उन्हाळ्यामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जून महिन्याच्या उत्तरार्धात सुरू होतात. म्हणजेच ५ जून रोजी शाळा बंद असते, विद्यार्थी घरी असतात आणि जमीन कोरडी असते. त्यामुळे हा दिवस एक तर मोजक्या शिक्षकांच्या उपस्थितीत साजरा होतो किंवा शाळा उघडल्यावर त्याची औपचारिकता पूर्ण केली जाते.

यातून उद्भवणारा प्रश्न केवळ तारखेचा नाही. पावसाळ्यात लावलेल्या रोपाची खरी परीक्षा पुढील वर्षीच्या मे महिन्यात होते आणि नेमक्या त्याच महिन्यात शाळा नावाची संस्था अस्तित्वात नसल्यासारखी असते. लागवड शाळेच्या दिनदर्शिकेप्रमाणे होते, रोपाला मात्र ऋतूंची दिनदर्शिका पाळावी लागते. या दोन दिनदर्शिकांमधील अंतर कोणी भरून काढावयाचे, हा प्रश्न सोडविल्याशिवाय शालेय पर्यावरण उपक्रमांना शाश्वत म्हणता येणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. भंडारा हा 'तलावांचा जिल्हा' म्हणून ओळखला जातो. शेकडो वर्षे टिकून राहिलेले हे तलाव बांधणाऱ्यांच्या कौशल्याइतकेच ते राखणाऱ्यांच्या शिस्तीचे फळ आहेत. त्या शिस्तीचे स्वरूप व तिचा ऱ्हास समजून घेऊन शालेय समुदायासाठी तिच्यातून काही व्यवहार्य तत्त्वे काढणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट होय.

२. पर्यावरण शिक्षण ते शाश्वतता

पर्यावरण शिक्षणाला जागतिक अधिष्ठान १९७७ च्या तिबिलिसी परिषदेने दिले. युनेस्को व संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम यांनी घेतलेल्या या परिषदेने ज्ञानाबरोबरच दृष्टिकोन, कौशल्य व प्रत्यक्ष सहभाग यांवर भर दिला. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने शाश्वत विकासाची संकल्पना सर्वतोमुखी केली आणि २००५ ते २०१४ हे दशक संयुक्त राष्ट्रसंघाने शाश्वत विकासासाठी शिक्षणाचे दशक म्हणून पाळले.

भारतात या विषयाला न्यायालयीन आदेशाचे बळ मिळाले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा शिक्षणाच्या सर्व स्तरांवर अनिवार्य विषय करण्याचे निर्देश दिले व डिसेंबर २००३ मध्ये त्यांच्या अंमलबजावणीचा पुन्हा आग्रह धरला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २००१-०२ मध्ये राष्ट्रीय हरित सेनेची योजना सुरू केली. महाराष्ट्रात सामाजिक वनीकरण यंत्रणेमार्फत तिची अंमलबजावणी झाली व शाळाशाळांतून हरित सेनेची पथके स्थापन झाली. प्राथमिक स्तरावर 'परिसर अभ्यास' हा विषय आहेच.

सारांश, अभ्यासक्रम, योजना व आदेश यांची उणीव नाही. उणीव आहे ती शाळेकडे एक समुदाय म्हणून पाहण्याची. शाळा म्हणजे केवळ विद्यार्थी व शिक्षक नव्हेत. पोषण आहार शिजविणाऱ्या महिला, पालक, माजी विद्यार्थी, ग्रामपंचायत, शेजारचे शेतकरी हे सर्व मिळून शालेय समुदाय होतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याने या समुदायाला वैधानिक रूपही दिले आहे. अधिनियमाच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीतील किमान तीन चतुर्थांश सदस्य माता-पिता अथवा पालक असावेत व एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात. कलम २२ नुसार या समितीने शाळा विकास आराखडा तयार करावयाचा आहे. शाळेला सुटी लागते, समितीला लागत नाही. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

३. माजी मालगुजारी तलाव : राखणीची एक व्यवस्था

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूरच्या काही भागात मिळून माजी मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक सांगितली जाते. गोंड राजवटीत जंगल तोडून गाव वसविणाऱ्यास व तलाव बांधणाऱ्यास जमिनीचे हक्क देण्याची प्रथा होती आणि कोहळी समाजाने या कामात विशेष नैपुण्य मिळविले. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेल्या १९०८ च्या भंडारा जिल्हा गॅझेटियरमध्ये या तलावांची व कोहळ्यांच्या कौशल्याची दखल घेतलेली आढळते. नवेगाव बांध हा त्या परंपरेचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. तो १ मे १९९९ रोजी झालेल्या जिल्हा विभाजनानंतर गोंदिया जिल्ह्यात गेला. तथापि भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी या विद्यमान सातही तालुक्यांतील धानशेतीला तलावांचा आधार राहिला आहे.

या तलावांची रचना स्थानिक भूगोलाला अनुरूप होती. उताराचा अंदाज घेऊन मातीची पाळ घालावयाची, जादा पाणी वाहून जाण्यासाठी सांडवा ठेवावयाचा आणि पाणी सोडण्यासाठी पाळीत 'तुडुम' बसवावयाचे. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला पाणी देई आणि अशी साखळी पुढे नदीनाल्यापर्यंत पोहोचे. खाली धानाच्या बांध्या, पाळीवर झाडे, पाण्यात कमळ, शिंगाडा, देवधान यांसारख्या वनस्पती व त्यांच्या आश्रयाने वाढणारे मरळीसारखे मासे असत. एकाच जलाशयावर शेतकरी, धीवर, गुराखी व पक्षी यांचा निर्वाह चाले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते या रचनेमागील सामाजिक व्यवस्थेला. तलाव मालगुजाराच्या मालकीचा असला तरी पाण्यावर गावाचा हक्क रूढीने मान्य होता आणि या रूढींची नोंद 'वाजिब-उल-अर्ज' या गावदप्तरात केलेली असे. ज्याच्या बांधीला पाणी मिळे, त्याच्यावर पाळीच्या दुरुस्तीत श्रमाचा वाटा उचलण्याचे बंधन येई. उन्हाळ्यात तलावातील गाळ काढून शेतात पसरला जाई, त्यामुळे तलावाची खोलीही राखली जाई व शेताला खतही मिळे. म्हणजे राखणीचे काम परोपकार म्हणून केले जात नव्हते. त्याच्या मागे लाभ होता, लाभाच्या मागे हक्क होता आणि हक्काच्या मागे लिखित वा रूढ नोंद होती.

४. व्यवस्था का मोडली?

तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने १९५० मध्ये मालगुजारी नष्ट करणारा कायदा केला व १९५१ पासून तो अमलात आला. भंडारा जिल्हा त्या काळी मध्य प्रदेशात होता. मालगुजारी ही शोषणाची व्यवस्था होती व तिचे उच्चाटन सामाजिक न्यायाच्या दृष्टीने आवश्यकच होते, याविषयी दुमत असू नये. परंतु तलाव शासनाकडे आले तेव्हा मालकी हस्तांतरित झाली, राखणीची वहिवाट हस्तांतरित झाली नाही. राज्य पुनर्रचनेनंतर व महाराष्ट्राच्या निर्मितीनंतर लहान सिंचन तलावांची जबाबदारी जिल्हा परिषदेकडे आली. तलाव 'सरकारी' झाल्यावर पाळ दुरुस्त करणे हे सरकारचे काम ठरले. गावाचा हात निघाला आणि शासनाचा हात प्रत्येक पाळीपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. गाळ साचत गेला. अनेक तलावांत बेशरम या परकीय वनस्पतीने ठाण मांडले आणि मूळच्या पाणवनस्पती मागे हटल्या.

या ऱ्हासातून वर येण्याचा एक अनुकरणीय प्रयत्न पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातील व आता गोंदिया जिल्ह्यात असलेल्या अर्जुनी मोरगाव परिसरात झाला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने धीवरांच्या मच्छीमार संस्थांना सोबत घेऊन तलावांतील बेशरम काढणे, तळाची मशागत करणे व स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे असे काम केले. कोणती वनस्पती कोणत्या माशाला अंडी घालण्यास आश्रय देते, हे ज्ञान धीवर समाजाकडे होते. ते या कामाचे मार्गदर्शक ठरले. येथे लागवड होती, परंतु ज्यांची उपजीविका तलावावर होती त्यांच्याच हाती ती होती. त्यामुळे लावणारा व राखणारा एकच झाला.

शाळेच्या आवारातील रोप आणि गावाचा तलाव यांची तुलना वरवर पाहता विषम वाटेल. परंतु दोहोंच्या ऱ्हासाचे कारण एकच आहे. रोप 'शाळेचे' असते, म्हणजे प्रत्यक्षात कोणाचेच नसते.

५. मे महिन्याचे गणित

हा मुद्दा उदाहरणाने स्पष्ट करता येईल. शंभर विद्यार्थ्यांच्या एका शाळेची कल्पना करू. पोषण आहारापूर्वी व नंतर हात आणि ताट धुण्यासाठी प्रत्येकी दोन लिटर पाणी लागते असे धरल्यास रोज २०० लिटर पाणी वाहून जाते. हक्क अधिनियमाप्रमाणे सहावी ते आठवीसाठी वर्षाचे किमान २२० कार्यदिवस अपेक्षित आहेत. त्या हिशेबाने वर्षाला हे पाणी ४४,००० लिटर होते.

आता याच शाळेने दहा रोपे लावली असे समजू. १५ फेब्रुवारी ते १५ जून या सुमारे १२० दिवसांत दर तिसऱ्या दिवशी प्रत्येक रोपाला १० लिटर, म्हणजे एक बादली पाणी द्यावयाचे ठरविल्यास ४० पाळ्या होतात व एकूण ४,००० लिटर पाणी लागते. एका पाळीची गरज १०० लिटरची आणि हात धुण्याचे रोजचे पाणी २०० लिटर. म्हणजे एप्रिलअखेरपर्यंत शाळेला रोपांसाठी निराळे पाणी शोधावे लागत नाही. न्हाणीचे पाणी चारीने रोपांकडे वळविले तरी पुरेसे आहे.

प्रश्न उरतो १ मे ते १५ जून या ४५ दिवसांचा. या काळात १५ पाळ्या होतात व १,५०० लिटर पाणी लागते. भंडारा जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान १,३०० मिलिमीटरच्या आसपास आहे. १०० चौरस मीटर छपरावर एवढा पाऊस पडला व त्यातील ८० टक्के पाणी हाती आले, तर ते १,०४,००० लिटर भरते. परतीच्या पावसात २,००० लिटरची एक झाकलेली टाकी भरून ठेवली तरी मे महिन्याची गरज भागते. रोपाभोवती तणसाचे आच्छादन केल्यास वा शेजारी मडके पुरल्यास ही गरज आणखी कमी होईल.

तात्पर्य, अडचण पाण्याची नसून पंधरा वेळा शाळेत येऊन दहा बादल्या पाणी घालणाऱ्या माणसाची आहे. पाच कुटुंबांनी तीन-तीन पाळ्या वाटून घेतल्या तर ती सुटते. परंतु त्याच शाळेने पन्नास रोपे लावली असती, तर प्रत्येक पाळीला पन्नास बादल्या लागल्या असत्या आणि कोणीही आले नसते. धानाची रोवणी करणारा शेतकरी पऱ्हे किती आहेत एवढेच पाहत नाही, बांधीत पाणी किती आहे हेही पाहतो. शाळेनेही रोपांची संख्या खड्ड्यांवरून न ठरविता मे महिन्यातील पाण्यावरून व मनुष्यबळावरून ठरवावी.

६. शालेय समुदायाची राखण-व्यवस्था

वरील विवेचनाच्या आधारे शालेय समुदायासाठी पुढील पाच अंगांची व्यवस्था सुचविता येईल.

(अ) नोंद : प्रत्येक शाळेने एक साधी राखण-वही ठेवावी. शाळेत पाणी कोठून येते व कोठे जाते, पोषण आहारासाठी कोणते इंधन लागते, रोज किती अन्न उरते, कोणता कचरा किती निर्माण होतो, कोणती झाडे जिवंत आहेत, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. पोषण आहारात प्राथमिक विद्यार्थ्यामागे १०० ग्रॅम व उच्च प्राथमिक विद्यार्थ्यामागे १५० ग्रॅम धान्याचे प्रमाण आहे. शंभर उच्च प्राथमिक विद्यार्थ्यांमागे रोज १५ किलो तांदूळ शिजतो. त्यातील उरलेल्या भाताचे वजन आठवडाभर केले, तरी गणित, विज्ञान व परिसर अभ्यास यांचा एक जिवंत पाठ होईल. मोजल्यावाचून राखण होत नाही.

(आ) नावानिशी जबाबदारी : 'सर्वांनी झाडे जगवावीत' या वाक्यातील कर्ता हरवलेला असतो. प्रत्येक रोप, चारी, टाकी व खतखड्डा यांच्यापुढे कुटुंबांची नावे व पाळीचे दिवस लिहिलेले असावेत. या यादीत मे व जून हे महिने आवर्जून असावेत. सातवी वा दहावीची मुले शाळा सोडून जातात, म्हणून जबाबदारी एका वर्गाकडे न देता वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला सोपवावी. शाळा सुटण्याच्या दिवशी हे हस्तांतरण समारंभपूर्वक व्हावे.

(इ) हक्क : हे अंग सर्वाधिक दुर्लक्षित आहे. शाळेतील आंब्याचे, चिंचेचे, जांभळाचे वा शेवग्याचे फळ कोणाचे, याचे उत्तर आधीच ठरलेले असावे. ज्या कुटुंबांनी उन्हाळ्यात पाणी घातले त्यांना फळाचा वाटा मिळावा, उरलेला वाटा पोषण आहाराला जावा. परसबागेतील अंबाडी, शेवगा व भाजीपाला मुलांच्या ताटात दिसावा. कर्तव्याला हक्काची जोड दिल्याने मुले स्वार्थी होतील, ही भीती निराधार आहे. तलावाच्या पाण्यावर हक्क असलेला शेतकरीच पाळीवर माती टाकण्यास येत असे.

(ई) आराखडा व निधी : या कामाला कलम २२ च्या शाळा विकास आराखड्यात स्थान मिळावे. स्वतंत्र प्रकल्प म्हणून सुरू झालेले काम प्रकल्पाबरोबर संपते. आराखड्यात लिहिलेल्या कामाचा प्रश्न समितीच्या प्रत्येक बैठकीत विचारता येतो. राज्य शासनाच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या 'माझी वसुंधरा' अभियानासारख्या योजनांशी ग्रामपंचायतीमार्फत त्याची सांगड घालता येईल, परंतु योजना येवो वा न येवो, राखण थांबू नये.

(उ) मूल्यमापन : उपक्रमाच्या अहवालात 'किती रोपे लावली' या रकान्याऐवजी 'मागील वर्षीची किती रोपे ३० जून रोजी जिवंत आहेत' हा रकाना असावा. दहापैकी आठ रोपे जगविणारी शाळा ही पाचशे खड्डे खोदणाऱ्या शाळेपेक्षा सरस ठरली पाहिजे. रोपे का मेली याचे प्रामाणिक उत्तर लिहिणाऱ्या शाळेलाही श्रेय मिळावे. अपयशाची नोंद दडविण्याची सवय लागली, तर पर्यावरण शिक्षणातून असत्याचेच शिक्षण होईल.

७. तलाव : परिसर अभ्यासाची प्रयोगशाळा

शाळेच्या कुंपणाबाहेरील तलाव हा या अध्ययनाचा स्वाभाविक विस्तार होय. वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नई तालीमचा गाभा हाच होता, की मुलाच्या सभोवतालचे उत्पादक काम हे शिक्षणाचे माध्यम व्हावे. भंडारा जिल्ह्यात हे माध्यम धान व तलाव यांखेरीज दुसरे कोणते असणार?

इयत्ता आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या तलावाचा इतिहास वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहावा. पाळ, सांडवा व तुडुम यांचा नकाशा काढावा. दर महिन्याला पाण्याची पातळी नोंदवावी. बेशरमने किती क्षेत्र व्यापले, कोणते पक्षी दिसले, कोणत्या माशांची नावे आजोबांना ठाऊक आहेत व नातवाला नाहीत, याच्या याद्या कराव्यात. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. शाळेची ही निरीक्षणे त्या नोंदवहीला दरवर्षी अद्ययावत ठेवू शकतील. सारस हा पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यत्वे गोंदिया व भंडारा परिसरातच उरला आहे. त्याचे घरटे धानाच्या बांधीत असते. ज्याच्या शेतात घरटे आहे त्या शेतकऱ्याचे मूल शाळेत असेल, तर संरक्षणाचा मार्ग त्या मुलाच्या घरातून जातो.

या उपक्रमाचा एक सामाजिक अर्थही आहे. ज्या वर्गात पाठ्यपुस्तकी भाषेमुळे धीवर वा गोंड कुटुंबातील मूल मागे बसते, त्याच वर्गात मरळ कोठे अंडी घालते हा प्रश्न आल्यास उत्तर त्या मुलाकडे असते. आपल्या घरचे ज्ञान शाळेत मोलाचे ठरते, हा अनुभव त्या मुलासाठी पर्यावरणाच्या धड्याहून मोठा आहे. शाश्वततेची चर्चा सामाजिक न्यायापासून अलग करता येत नाही, ती अशा अर्थाने.

मात्र तलावावरील प्रत्येक भेटीत शिक्षक व पोहता येणारे प्रौढ सोबत असावेत, विद्यार्थ्यांनी पाण्यात उतरू नये व गाळ काढण्यासारखे श्रमाचे काम त्यांच्यावर सोपवू नये, ही पथ्ये काटेकोरपणे पाळली पाहिजेत.

८. महाविद्यालयांची भूमिका

ग्रामीण शाळेतील शिक्षकावर आधीच अनेक कामांचा भार आहे. त्यात आणखी एका वहीची भर घालून आपण अलिप्त राहणे योग्य नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांना अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व विद्याशाखांच्या पदवी स्तरासाठी पर्यावरण अभ्यासाचा अनिवार्य अभ्यासक्रम तयार केला व त्यात क्षेत्रीय कार्याचा समावेश केला. हे क्षेत्रीय कार्य बहुधा जुन्या प्रकल्पवह्यांच्या नकलेवर भागविले जाते, हे आपण सारेच जाणतो. त्याऐवजी प्रत्येक महाविद्यालयाने परिसरातील पाच शाळा निवडून त्यांच्या राखण-वह्यांना तीन वर्षे साहाय्य करावे. वनस्पतिशास्त्र विभागाने पाणवनस्पतींची ओळख पटवून द्यावी, रसायनशास्त्र विभागाने पाण्याची तपासणी करावी, इतिहास विभागाने वाजिब-उल-अर्ज वाचून दाखवावे, मराठी विभागाने तलावसंस्कृतीतील शब्दांचा संग्रह करावा, वाणिज्य विभागाने परसबागेचा जमाखर्च तपासावा. राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर सात दिवसांत संपते, हे ध्यानी घेऊन शिबिरातील कामाची पुढील राखण कोणाकडे, याचा ठराव शिबिराच्या समारोपापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीबरोबर व्हावा. आंतरविद्याशाखीय संशोधनाची संधी शोधण्यासाठी याहून जवळची जागा नाही.

९. मर्यादा

शाळेच्या सामर्थ्याविषयी अवास्तव अपेक्षा बाळगणेही घातक आहे. नागपूर महानगराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हान व पुढे वैनगंगेत येते आणि गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात साचते. जलाशयाकाठच्या गावांतील शाळेने घोषवाक्यांची कितीही फेरी काढली तरी हे पाणी शुद्ध होणार नाही. ती जबाबदारी महानगराची व शासनाची आहे. मोठ्यांनी केलेल्या प्रदूषणाचे प्रायश्चित्त मुलांच्या वर्तनात शोधणे हा अन्याय होईल. अशा ठिकाणी शाळेचे काम निरीक्षणाचे, नोंदीचे व प्रश्न विचारण्याचे आहे. पाण्याच्या रंगाची, वासाची व जलपर्णीची तारीखवार नोंद ठेवणारी शाळा ग्रामसभेच्या हाती पुरावा देते.

त्याचप्रमाणे, सुचविलेली व्यवस्था सर्वत्र सारखी लागू होणार नाही. तुमसर तालुक्यातील मँगनीज खाणीलगतच्या गावाचे, कोका अभयारण्याशेजारच्या गावाचे व गोसीखुर्द प्रकल्पाने पुनर्वसित झालेल्या गावाचे प्रश्न भिन्न आहेत. पुनर्वसित गावात ना जुने झाड असते, ना जुना तलाव. तेथे शाळेने लावलेले झाड हे गावातील पहिल्या झाडांपैकी एक असते व त्याच्या सावलीचे मोल निराळेच असते. म्हणून वर सुचविलेली पाच अंगे समान ठेवून तपशील प्रत्येक शाळेने स्वतः ठरवावा.

१०. समारोप

माजी मालगुजारी तलावांच्या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. हक्क, कर्तव्य व नोंद यांची सांगड असेल तर सामान्य माणसांचा समुदाय मातीची पाळ पिढ्यान्‌पिढ्या टिकवू शकतो आणि ही सांगड तुटली की बळकट व्यवस्थाही काही दशकांत गाळाने भरते. मालगुजारी परत आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एका मालगुजाराच्या मर्जीऐवजी पालकांची निम्म्या महिला सदस्य असलेली, कायद्याने स्थापन झालेली समिती आज प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत आहे. जुन्या व्यवस्थेतील विषमता वगळून तिची शिस्त तेवढी घेण्याची संधी या समितीच्या रूपाने उपलब्ध आहे.

त्यासाठी मोठ्या निधीची अथवा नव्या अभियानाची प्रतीक्षा करावयाची गरज नाही. परतीच्या पावसात भरलेली एक टाकी, दहा रोपे, पाच कुटुंबे व एक वही एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. पुढील ५ जून रोजी शाळा नेहमीप्रमाणे बंद असेल. परंतु त्या दिवशी कोणाची पाळी आहे हे वहीत लिहिलेले असेल आणि ते कुटुंब बादली घेऊन आलेले असेल, तर त्या शाळेने पर्यावरण दिन पाळला असे म्हणता येईल.